पदकांची यादी आणि सासवण्याचें घर

आमच्या सुशिक्षित घरांतून कलेविषयीं अनास्था आहे, ही तक्रार आतां जुनी झाली. आणि आमच्या मतें ती खरीहि नाहीं. कलाशाळेंतून बाहेर पडलेल्या एखाद्या तरुणाचें चित्र परदेशच्या प्रदर्शनांत लागलें, कोणास राज्य कला प्रदर्शनांत पारितोषिक मिळालें, कोणाचें चित्र लिलांवांत इतक्या कोटींस गेलें, असें वर्तमान आलें कीं तें आमच्याकडे मोठ्या आवडीनें वाचलें जातें. मुलगा आपल्या तालुक्यांतला असला तर त्याचा सत्कारहि होतो. शाल येते, श्रीफळ येतें, अध्यक्ष येतात, आणि अध्यक्ष आपल्या भाषणांत त्याच्या पदकांची यादी वाचून दाखवितात. उणीव एवढीच राहते कीं, सभागृहांत बसलेल्या दोनतीनशें माणसांपैकीं त्याचें एकहि चित्र बहुधा कोणी पाहिलेलें नसतें, आणि सभा संपल्यावर तें पाहण्याची इच्छाहि कोणी प्रकट करीत नाहीं. याला अनास्था म्हणतां येत नाहीं. हें कौतुक आहे. आमचें म्हणणें असें कीं, महाराष्ट्रांतल्या चित्रकारांचें व शिल्पकारांचें जितकें नुकसान या कौतुकानें केलें आहे तितकें अनास्थेनेंहि केलें नसतें. अनास्था असलेला मनुष्य आपण कलेसाठीं कांहीं केलें असें मानीत नाहीं. कौतुक करणारा मात्र आपलें कर्तव्य पार पडलें अशा समाधानानें घरीं जातो.

हें म्हणणें कोणास कठोर वाटेल, म्हणून आम्ही दूरचें उदाहरण घेत नाहीं. मुंबईच्या मध्यमवर्गाच्या नित्याच्या वाटेवरचेंच घेतों. पावसाळ्याचे महिने सोडले तर गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याला जाणार्‍या बोटी माणसांनीं भरलेल्या असतात. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसें नेणारी मोठी बोट सुरू झाली, तेव्हांपासून तर सबंध कुटुंब आपल्या गाडीसह पलीकडे उतरूं लागलें आहे. गेटवेला बोटीची वाट पाहतांना जो शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसतो, तो सदाशिव साठे यांनीं केला. साठे कल्याणचे, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, पुतळा १९६१ सालीं उभा राहिला. त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढणार्‍यांपैकीं शिल्पकाराचें नांव किती जणांस ठाऊक असेल, याचा तपास वाचकांनीं आपल्याच घरांत करून पाहावा. तासाभरांत बोट मांडव्याला लागते. तेथून थोड्याच अंतरावर सासवणें हें गांव आहे. आणि पुण्याच्या श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांत १९२८ सालीं जो दुसरा विख्यात अश्वारूढ शिवपुतळा उभा राहिला, त्याचे कर्ते विनायक पांडुरंग करमरकर हे याच गांवचे. म्हणजे आमचा प्रवासी एका शिवपुतळ्याच्या सावलींतून निघतो आणि दुसर्‍याच्या कर्त्याच्या घरावरून जातो. गाडींत त्या वेळीं बोलणें चालू असतें तें किहीमचा किनारा अधिक स्वच्छ कीं काशिदचा, आणि पापलेट आज ताजें मिळेल कीं कसें, याविषयीं. पापलेटाशीं आमचें भांडण नाहीं. पण ज्या घरांतून चारचौघांत ‘आमच्या करमरकरांनीं तो पुतळा ब्राँझमध्यें अखंड ओतला’ असें अभिमानानें सांगितलें जातें, त्याच घरांतल्या गाड्या सासवण्याला थांबत नाहींत, ही विसंगति नजरेआड करण्यासारखी नाहीं.

करमरकरांचा जन्म १८९१ चा. सासवणें तेव्हां कुलाबा जिल्ह्यांत मोडे. जिल्ह्याला रायगड हें नांव १९८१ पासून मिळालें. लहान वयांत त्यांनीं गांवच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचें चित्र काढलें होतें. तें त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या दृष्टीस पडलें, आणि त्यांच्या साहाय्यानें हा मुलगा मुंबईच्या कलाशाळेंत गेला. ही गोष्ट आमच्याकडे सांगितली जाते ती ‘गुणांचें चीज झालें’ अशा थाटानें. आम्हांस तींत दुसरेंच कांहीं दिसतें. ती भिंत गांवांतली होती, देवळाची होती. तिच्यापुढून रोज जाणार्‍या-येणार्‍यांत लिहितेवाचते लोकहि असलेच पाहिजेत. तरी त्या चित्रापुढें थांबून त्या मुलासाठीं कांहीं करावें ही बुद्धि झाली ती परक्या अधिकार्‍याला. पुढें करमरकर कलकत्त्यास गेले ते सुरेंद्रनाथ टागोरांच्या आश्रयानें. इंग्लंडला जाऊन शिकून आले. आणि पुण्याचा पुतळा त्यांच्या हातून झाला त्यामागें मूळ संकल्प कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा होता. कलेक्टर, टागोर, छत्रपति! या मालिकेंत आमच्यासारख्या पदवीधर गृहस्थाची जागा कोठें आहे? १९६२ सालीं करमरकरांना पद्मश्री मिळाली तेव्हां अभिनंदनाचीं पत्रें लिहिण्यांत मात्र आमचा वर्ग आघाडीवर असला पाहिजे, याबद्दल आम्हांस शंका नाहीं. १९६७ सालीं ते वारले.

सासवण्याचें त्यांचें घर हेंच आज त्यांच्या शिल्पांचें संग्रहालय आहे. दीडशेंच्या आसपास शिल्पें तेथें आहेत, आणि तीं घरच्या मंडळींनीं जपलीं आहेत. ‘शंखध्वनि’ येथें आहे, ‘मत्स्यगंधा’ येथें आहे. जनावरें आहेत, ओळखीचीं माणसें आहेत. समुद्रकांठच्या माणसाचा बांधा, त्याच्या उभें राहण्यांतला सैलपणा, कष्टानें भरलेले दंड आणि खांदे, हें सारें ज्याला एकत्र पाहावयाचें असेल त्यानें येथें यावें. पाहणाराला आधीं चकित करते ती सामग्री. पुष्कळ कामें साध्या सिमेंटचीं आहेत. शिल्पकार मातींत आकार घडवितो, मातीवरून प्लास्टरचा सांचा काढतो, आणि त्या सांच्यांत ब्राँझ ओतावयाचें कीं सिमेंट भरावयाचें हें बहुतेक वेळां पैसा ठरवितो. चौकांतल्या पुतळ्याला ब्राँझ मिळतें, कारण त्याच्या पाठीशीं समिति असते, वर्गणी असते, अनावरणाचा समारंभ असतो. कोणीं सांगितल्यावांचून, केवळ आपल्या मनाच्या ओढीनें शिल्पकार जें करतो, त्याच्या वांट्याला सिमेंट येतें. त्या करड्या सिमेंटांतून करमरकरांनीं कातडीची कांति काढली, जनावराच्या अंगाचें जडपण काढलें, हा त्यांच्या हाताचा गुण खराच. परंतु त्या गुणाचें वर्णन करीत असतां सामग्रीमागची वस्तुस्थिति विसरली जाऊं नये. शिवाय खार्‍या हवेंत सिमेंटाच्या पोटांतलें लोखंड गंजतें, गंज फुगतो, आणि वरचें कवच तडकतें. अशा ठिकाणचा संग्रह एकदां मांडून ठेवला कीं झालें, असें नसतें. पिढ्यान्‌पिढ्या त्याची निगा करावी लागते, आणि निगेला पैसा लागतो. दारांत घेतल्या जाणार्‍या नाममात्र शुल्कांतून तो उभा राहणार नाहीं, हें सांगावयास अर्थशास्त्र शिकावें लागत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, कलेचा सांभाळ हें सरकारचें काम. गृहस्थानें आपला संसार पाहावा कीं संग्रहालयें चालवावींत? याचें उत्तर देण्याकरितां थोडें मागें गेलें पाहिजे. मुंबईची कलाशाळा १८५७ सालीं निघाली ती सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीवर, आणि तिचा आरंभींचा हेतु कुशल कारागीर तयार करण्याचा होता. लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळांत विद्यार्थ्यांच्या हातचें काम शहराच्या इमारतींवर चढलें. बोरीबंदरच्या स्थानकावरचीं दगडी पानें-फुलें आणि पशुपक्षी आजहि वर मान करून पाहणाराला दिसतात. १८८८ सालीं बाँबे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि प्रदर्शन व पदक हा नवा मार्ग उघडला. धुरंधरांना १८९५ सालीं सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ ही तर विद्यार्थिदशेंतली मूर्ति, पण तिनें त्यांचें नांव देशभर केलें. मात्र त्या काळीं पदक हें साधन होतें. पदकानें नांव होई, आणि नांवावर संस्थानिकाचें, सरकारचें किंवा एखाद्या धनिकाचें काम मिळे. बडोद्यास सयाजीराव होते, कोल्हापुरास शाहूमहाराज होते. औंधाचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि तर स्वतः चित्रें काढीत, आणि त्यांच्या लहानशा संस्थानांत त्यांनीं १९३८ सालीं जें संग्रहालय उघडलें त्यांत धुरंधरांच्या चित्रांबरोबर हेन्री मूर याची मूर्तिहि आज पाहावयास मिळते.

पुढें संस्थानें विलीन झालीं आणि आश्रयदात्याची खुर्ची रिकामी झाली. इतर कलांत अशी खुर्ची रिकामी होतांच आमचा मध्यमवर्ग तींत जाऊन बसला, हें त्याच्या गौरवार्थ सांगितलें पाहिजे. लेखकाला वाचकांनीं पोसलें. नाटकाला प्रेक्षकांनीं पोसलें, आणि अजूनहि तीन तासांच्या नाटकासाठीं तिकिटाला पैसे मोजणें आम्हांस जड वाटत नाहीं. गवयाचा दरबार गेला तेव्हां गांवोगांवच्या संगीतमंडळांनीं त्याला सतरंजी आणि श्रोते दिले. चित्रकाराच्या वेळीं मात्र आम्ही उभेच राहिलों. मुंबईच्या जहांगीर कलादालनांत, जें १९५२ सालीं उघडलें, एक आठवडा भिंत मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षें रांगेंत थांबतो. मग भाडें भरतो, चौकटी करवून घेतो, चित्रें वाहून आणतो, पत्रिका छापतो. पाहणाराला प्रवेश फुकट. म्हणजे आमच्या अर्ध्या तासाच्या विरंगुळ्याचा खर्च चित्रकार आपल्या खिशांतून करीत असतो; आणि आम्ही बाहेर पडतांना अभिप्रायाच्या वहींत ‘छान’ असा शब्द लिहून त्याला उपकृत करतों. अशा प्रदर्शनांची संख्या वाढली म्हणून कला भरभराटली, असा हिशेब मांडणारानें जमेची आणि खर्चाची बाजू ओळखावयास अजून शिकलें पाहिजे.

करमरकरांची वास्तवदर्शी शैली ज्यांना जुनी वाटत असेल त्यांच्यासाठीं याच किनार्‍यावरचें दुसरें नांव घेतों. प्रभाकर बरवे यांचा जन्म अलिबागेजवळच्या नागांवचा, १९३६ चा. करमरकर हे त्यांना नात्यानें आजोबा लागत. बरवे १९५९ सालीं जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडले, विणकर सेवा केंद्रांत नोकरी करीत कांहीं वर्षें बनारसला राहिले, आणि मुंबईस परत येऊन त्यांनीं जी चित्रभाषा घडविली ती आमच्या आधुनिक चित्रकलेंत अगदीं स्वतंत्र आहे. दारें-खिडक्या रंगवावयाचा एनॅमल रंग त्यांनीं चित्रफलकावर वापरला. एक पान, एक शिंपला, एक घड्याळ, एखादा दगड, अशा घरांतल्या व दारांतल्या वस्तु ते सपाट रंगाच्या मोकळ्या जागेंत अशा अंतरानें ठेवीत कीं, पाहणारानें त्या वस्तु जन्मांत प्रथमच पाहिल्या असें वाटावें. नागांवच्या वाडींत पडलेलें पान आणि किनार्‍यावरचा शिंपला ज्यांनीं पायांखालीं तुडविला आहे त्यांना हें चित्र परकें वाटण्याचें कारण नव्हतें. चित्र काढतांना मनांत काय चालतें हें त्यांनीं ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकांत, १९९० सालीं, स्वच्छ मराठींत लिहिलें. १९९५ सालीं ते गेले. आज नागांव सर्वांस ठाऊक आहे: नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठीं, न्याहारी-निवासाच्या पाट्यांसाठीं, समुद्रावरच्या यांत्रिक खेळांसाठीं. बरवे हें नांव मनांत घेऊन तेथें उतरणारा पाहुणा शंभरांत एक तरी असेल काय?

२०१९ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत बरव्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें. उद्घाटनाच्या प्रसंगीं अमोल पालेकर, जे स्वतः जे. जे. चे विद्यार्थी, संग्रहालयाची स्थानिक सल्लागार समिति मोडल्याविषयीं बोलूं लागले असतां त्यांना मध्येंच अडविण्यांत आलें. पालेकरांनीं काढलेला प्रश्न योग्यच होता. मुंबईनें कोणाचीं चित्रें पाहावींत हें दिल्लींत ठरावें, हा कारभार आम्हांसहि मान्य नाहीं. परंतु त्यानंतर आमच्या परिचयाच्या घरांतून जी चर्चा झाली ती सारी अडविणार्‍यांविषयीं व अडलेल्याविषयीं. ज्या भिंतींसमोर हा प्रकार घडला त्या भिंतींवर काय टांगलें होतें, असें विचारणारा एकहि गृहस्थ आम्हांस भेटला नाहीं. वाद आम्हांला समजतो, पुरस्कार समजतो, कोटींचा आंकडा समजतो. चित्र तेवढें समजत नाहीं!

या ‘समजत नाहीं’चा विचार नीट केला पाहिजे, कारण आमच्या वर्गाचा हा आवडता बचाव आहे, आणि तो खोटा आहे. त्याचा पुरावा मुंबईहून अलिबागेस खुष्कीनें जाणाराला वाटेंतच, पेणला मिळतो. पेण शहरांत आणि हमरापूर, जोहे अशा आसपासच्या गांवांत वर्षभर गणपति होतात. गुजराथेंतून आलेली शाडू भिजविली जाते, सांच्यांत दाबली जाते, हात-सोंड जोडून सांधे बुजविले जातात, मूर्ति वाळली कीं पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग वस्त्रें व दागिने, आणि अगदीं शेवटीं डोळ्यांची आखणी, जी करणारा हात कारखान्यांतल्या इतर सर्व हातांहून वेगळा मानला जातो. श्रावणांत आमचें कुटुंब मूर्ति ठरविण्यास जातें तेव्हां काय बोलतें तें ऐकावें. सोंड अंमळ जड झाली. बैठक बरी नाहीं. पोटाचा घेर शोभतो. डोळे निवळले नाहींत, गेल्या वर्षींचे अधिक शांत होते. हें शिल्पसमीक्षेचेंच बोलणें आहे, आणि तें आमच्या आजीबाईंना कोणत्याहि कलाशाळेंत शिकावें लागलें नाहीं. चाळीस वर्षें संसार केलेल्या गृहस्थानें चाळीस मूर्ति आपल्या डोळ्यांनीं निवडून, पदरचे पैसे देऊन घरीं आणलेल्या असतात. जगांत दुसर्‍या कोणत्या देशांतला मध्यमवर्ग दरसाल एक मूर्ति विकत घेतो? आणि हाच गृहस्थ सासवण्याच्या ‘शंखध्वनी’पुढें किंवा एखाद्या नव्या शिल्पकाराच्या कामापुढें उभा राहिला कीं ‘आपल्याला यांतलें कांहीं कळत नाहीं बुवा’ असें म्हणून घड्याळाकडे पाहतो. डोळा त्याला आहे. तो डोळा देव्हार्‍यापुरता ठेवावयाचा आणि दिवाणखान्यांत झांकून घ्यावयाचा, अशी संवय त्यानें लावून घेतली आहे. पेणच्या माणसाला आम्ही कारागीर म्हणतों आणि जे. जे. च्या पदवीधराला कलावंत म्हणतों. पहिल्याकडून घेतों पण त्याला मान देत नाहीं, दुसर्‍याला मान देतों पण त्याच्याकडून कांहीं घेत नाहीं.

कलाशाळेच्या पदवीधरांचा यांत कांहींच दोष नाहीं, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. आमच्या कौतुकाची संवय त्यांनाहि जडली आहे. कोणत्याहि प्रदर्शनाची पुस्तिका उघडावी. चित्रांपेक्षां दाट मजकूर शेवटच्या पानांवर असतो: इतकीं एकल प्रदर्शनें, इतकीं सामूहिक, इतकीं शिबिरें, अमुक रेसिडेन्सी, तमुक पारितोषिक. चित्राजवळ जी टीप लावलेली असते ती बहुधा इंग्रजींत, आणि अशा इंग्रजींत कीं, ज्यांचें सारें उच्च शिक्षण त्याच भाषेंत झालें ते आम्हीहि ती दोनदां वाचतों आणि तिसर्‍यांदा सोडून देतों. इंग्रजीशीं आमचें वैर नाहीं. तिच्यावर आमचें पोट चाललें आहे. पण समकालीन कलेचीं दालनें आतां खुद्द आमच्या किनार्‍यावर येऊं लागलीं आहेत. १९९७ सालीं मुंबईंत निघालेली ‘द गिल्ड’ ही गॅलरी पुढें अलिबागेकडे, मांडवा रस्त्यावरच्या रांजणपाड्यास आली. शेजारच्या गांवांतली शिक्षिका अशा एखाद्या दालनांत शिरली तर तिच्याशीं तिच्या भाषेंत दोन वाक्यें बोलण्याची जबाबदारी चित्रकारानें टाळूं नये. धुरंधरांनीं ती टाळली नाहीं. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हें त्यांचें पुस्तक १९४० चें आहे आणि आजहि तें गोष्टीसारखें वाचवतें. बरव्यांचें तर वर सांगितलेंच. आणि या पूर्वसूरींची माहिती मिळत नाहीं असेंहि कोणास म्हणतां येणार नाहीं, कारण ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकलेचा जाडजूड खंड २०१३ सालींच निघाला. तो किती घरांत आहे, हा प्रश्न पुन्हां आमच्याकडेच येतो.

मुलांना आम्ही काय शिकवितों तेंहि पाहण्यासारखें आहे. शाळेंतून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस हजारों मुलें बसतात, आणि बसविणारे पालक बहुतेक आमच्याच वर्गाचे. इंटरमीजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली तर शालान्त परीक्षेंत सात गुण अधिक मिळतात, ‘ब’ला पांच, ‘क’ला तीन. गुण पदरांत पडले कीं रंगांची पेटी माळ्यावर जाते. त्यांतूनहि एखाद्या मुलानें, मला पुढें हेंच करावयाचें आहे, असें म्हटलें तर घरांत जी शांतता पसरते ती ज्यांनीं अनुभविली असेल त्यांना वर्णनाची गरज नाहीं. याच मुलानें घरच्यांशीं झगडून पदवी मिळविली आणि पंधरा वर्षांनीं वर्तमानपत्रांत त्याचें नांव आलें, म्हणजे ‘आमच्या घराण्यांत कला आहेच’ हें वाक्य उच्चारणारे काका-मामा तयारच असतात.

शेवटीं पैशाची गोष्ट. चित्रें आम्हांस परवडत नाहींत, असें सांगितलें जातें. लिलांवांतलीं परवडत नाहींत हें उघड आहे; तीं कोणीं घ्यावींत असें आम्हीहि म्हणत नाहीं. पण कलाशाळांच्या वार्षिक प्रदर्शनांत नुकत्या शिकलेल्या मुलांचीं छापचित्रें, रेखाटनें, लहान शिल्पें मांडलेलीं असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची किंमत बैठकींतल्या एका खुर्चीहून अधिक नसते. परवडण्याचाच प्रश्न असेल तर त्याचें उत्तर मांडव्यापासून मुरुडापर्यंतच्या रस्त्यावर दुतर्फा उभें आहे. गेल्या कांहीं वर्षांत या किनार्‍यावर आमच्या वर्गानें किती बंगले बांधले! कोणी आयुष्याच्या मिळकतींतून, कोणी कर्ज काढून. कांहीं ओळखीच्या बंगल्यांत आम्हीहि पाहुणे म्हणून राहून आलों आहों. फरशी राजस्थानची असते, नळ जर्मनीचे असतात, झोपाळा कडीपाटासह कोणा जुन्या वाड्यांतून उचलून आणलेला असतो, आणि त्या झोपाळ्याची कुळकथा यजमान मोठ्या रसानें सांगतात. भिंतीवर, सोफ्याच्या बरोबर वर, सजावटकारानें पडद्यांच्या रंगाशीं जुळवून लावलेली एक छापील चौकट असते. बहुधा समुद्राची, जो खिडकींतून तसाहि दिसतच असतो. हें चित्र कोणाचें, असें आम्हीं एकदोन ठिकाणीं विचारून पाहिलें. यजमानांनीं दुकानाचें नांव सांगितलें.